दुसऱ्या चौकोनातली खूण

१

सकाळचे दहा वाजले की ज्योत्स्नाचा दिवस खऱ्या अर्थानं सुरू व्हायचा. इंदापुरात एका हार्डवेअरच्या दुकानावर भीमातीर आपत्कालीन कक्षाच्या दोन खोल्या होत्या. एकीत फायली, दुसरीत दोन खुर्च्या, दोन हेडफोन आणि भिंतीवर मोठा पडदा. पडद्यावर दोनशे अकरा करडे ठिपके. एक ठिपका म्हणजे एक घर, आणि त्या घरात एकटं राहणारं एक म्हातारं माणूस. कळस, बावडा, पळसदेव, सगळीकडे अशा घरांच्या भिंतीवर डब्याएवढी एकेक पेटी बसवलेली होती. पेटीला दोन बटणं. लाल दाबलं की कक्षाची लाइन उघडायची, बोलता यायचं, गाडी मागवता यायची. हिरवं मात्र रोज दहाला दाबायचं. ते दाबलं की इकडे ठिपका हिरवा व्हायचा आणि त्याखाली अक्षरं उमटायची: सुखरूप.

सगळे वेळेवर दाबतील तर म्हातारे कसले! बावड्याच्या कुशाबाईंना रोज फोन करावा लागे. "आगं हाताला पीठ हाय माज्या," त्या म्हणायच्या, "बटन खराब झालं तर मलाच बोल लावाल." शेजारच्या खुर्चीतला शिवम मग हसून म्हणायचा, "मॅडम, यांना पिठाचं वेगळं बटण द्या."

पळसदेवचा एक ठिपका मात्र दहाच्या ठोक्याला हिरवा व्हायचा. ज्ञानू लोंढे, ज्योत्स्नाचे तात्या. बत्तीस वर्षं कालव्यावर पाटकरी होते. कुठल्या चारीचं दार किती वाजता उचलायचं आणि किती वाजता टाकायचं, यात त्यांचा जन्म गेला. पाण्यासाठी माणूस काय वाटेल ते खोटं बोलतं हे त्यांनी पाहिलेलं. 'साहेबांनी फोनवर सांगितलंय, दार उचला,' असं कुणी म्हणालं की ते शांतपणे बिडी पेटवायचे. "आवाज कुनाचाबी काढता येतो. चिठ्ठी आन, न्हायतर साहेबाची खूण सांग." खूण पटल्याशिवाय त्यांनी दार उचलल्याचं कुणाला आठवत नाही.

पेटी बसवताना संमतीपत्र भरून घेत. त्यात दोन चौकोन होते. पहिल्यात खूण केली की कक्ष फक्त लाल बटण दाबल्यावर ऐकणार. दुसऱ्यात केली की कक्षाला गरज वाटेल तेव्हा ऐकता येणार. तात्यांनी कागद चष्म्याजवळ धरून दोनदा वाचला आणि पहिल्या चौकोनात ठसठशीत खूण केली. "मानूस एकटा ऱ्हातो म्हनून त्याच्या घराची काय चावडी हुत न्हाय," ते म्हणाले.

कक्षाचे प्रमुख इंद्रजित सर आठवड्यातून एकदा बारामतीहून यायचे. त्यांनाही हे फार आवडलं. त्यांनी भिंतीवर पाटीच लावली होती: ज्या घरानं हाक मारली नाही, त्या घरात कान घालू नये. ज्योत्स्नानं स्वतः ती पाटी तिरकी दिसते म्हणून सरळ केली होती.

२

एप्रिलमध्ये तात्या न्हाणीत पडले. दहाला त्यांनी हिरवं बटण दाबलं, सव्वादहाला अंघोळीला गेले आणि पाय सटकला. संध्याकाळी पाचला शेजारच्या रंगुबाई ताक द्यायला आल्या, तेव्हा सापडले. सात तास ओल्या फरशीवर. आणि ते सात तास ज्योत्स्ना पडद्यासमोर बसून होती, तात्यांचा ठिपका हिरवागार, खाली लिहिलेलं सुखरूप.

दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, हृदयही थकलंय. रोज तीन गोळ्या, एकही चुकवायची नाही. ज्योत्स्ना म्हणाली, "तात्या, इंदापूरला चला." ते नाही म्हणाले. "मग दुसऱ्या चौकोनात खूण करा. मला नुसतं ऐकू तर येईल." त्यालाही ते नाही म्हणाले. "ऐकनारं मानूस असलं का मला बोलायचं सुचत न्हाय. मी तुज्या आईशी बोलत असतो. ते आमचं दोघांचं."

आता लेकीनं काय करावं? तुम्ही-आम्ही असतो तर काय केलं असतं, ते आपापल्या मनाला विचारावं. ज्योत्स्नानं एका दुपारी फायलींच्या खोलीत जाऊन तात्यांचं संमतीपत्र काढलं, तसंच निळं पेन घेतलं, दुसऱ्या चौकोनात तशीच ठसठशीत खूण केली आणि तशी परवानगी यंत्रात भरली. हे तिनं शिवमला सांगितलं नाही, घरी नवऱ्याला सांगितलं नाही. कुणापाशी चकार शब्द काढला नाही.

मग रोज साडेबाराला डबा उघडला की ती हेडफोन लावायची आणि आपल्या बाजूचा माइक बंद ठेवून तात्यांच्या घरात कान घालायची. गॅस पेटायचा. कढईत लसूण तडतडायचा. चमचा ताटाला लागायचा. आणि मग तात्या भिंतीवरच्या, ज्योत्स्नाच्या आईच्या तसबिरीशी बोलायचे. यमुना, आज दोडका केलाय. यमुना, पोरगी पहिल्यांदा कालव्यावर आलती त्या दिशी तिचं पैंजण गेलं, आठवतंय का? हळूहळू तिला त्यांचा सगळा जन्म ऐकायला मिळाला. एकदा ते रडले. ज्योत्स्नाला स्वतःची फार लाज वाटली. तरी दुसऱ्या दिवशी साडेबाराला तिनं हेडफोन लावलाच.

३

जुलैतल्या एका मंगळवारी तात्या जेवता जेवता म्हणाले, "व्हय, घेतली सकाळी."

मग थांबले. मग म्हणाले, "दोनच घेतल्या. तिसरी कडू लागती."

पुन्हा थांबले. ज्योत्स्नाचा हात डब्यात तसाच राहिला. तसबिरीशी बोलताना ते असे थांबत नसत. तिथे त्यांचं बोलणं कालव्याच्या पाण्यासारखं एका लयीत चालायचं. हे थांबणं वेगळं होतं. समोरच्यानं एखादा प्रश्न विचारावा, बरोबर तेवढं.

मोबाइलवर बोलत असतील, असं म्हणून तिनं मनाची समजूत घातली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी ते हसले आणि म्हणाले, "तू बी काय, सगळंच इचारतीस." ज्योत्स्नाला राहवलं नाही. तिनं एका कानाचा हेडफोन सरकवला आणि मोबाइलवरून तात्यांना फोन लावला.

हेडफोनमध्ये, पळसदेवच्या त्या खोलीत, तात्यांचा फोन वाजताना तिला ऐकू आला. आणि तात्या कुणाला तरी म्हणाले, "थांब हां जरा. फोन आलाय."

"हॅलो?"

"तात्या, मी ज्योत्स्ना."

नुसता त्यांचा श्वास, एका कानात फोनमधून आणि दुसऱ्या कानात पेटीतून.

"कोन?"

"मी. ज्योत्स्ना. जेवलात का?"

"ज्योत्स्ना तर..." ते अडखळले. त्यांचा आवाज एकदम लहान झाला. "कोन हायेस तू? कशाला थट्टा करतीस म्हाताऱ्याची?"

फोन कट झाला. हेडफोनमध्ये तात्या कुजबुजत होते, "पोरी, कुनीतरी तुज्या आवाजात बोलतंय गं."

भाजीचा डबा मांडीवर कधी सांडला ते तिला कळलंही नाही. शिवम धावत फडकं घेऊन आला.

४

"शिवम, खरं सांग," ती म्हणाली. "जेवताना मी काही बोलत असते का? मोठ्यानं?"

शिवम फडकं पिळत थांबला. "नाही मॅडम. जेवताना तुम्ही तोंडातून शब्द काढत नाही. का?"

तिनं यंत्रातली नोंद उघडली. कुठलीही लाइन उघडली, कक्षाकडून कुणी बोललं, की यंत्र आपोआप लिहून ठेवायचं. नोंद होती. जून महिन्यापासून रोज होती. ज्ञानू लोंढे, पळसदेव. कक्षाकडून बोलणं, एकवीस मिनिटं. कक्षाकडून बोलणं, छत्तीस मिनिटं. पुढे बोलणाऱ्याचं नाव: ज्योत्स्ना. वेळ कधी साडेबारा, कधी दुपारी चार, कधी पहाटे पाच, जेव्हा रात्रीच्या हाका बारामतीला जायच्या आणि इथल्या कक्षाला कुलूप असायचं. तिनं आवाजाच्या फायली शोधल्या. एकही नव्हती.

कुणीतरी माझ्या नावानं आत शिरतंय, ती स्वतःला सांगत राहिली. आजकाल आवाज बनवता येतात, वर्तमानपत्रात येतं. पण म्हाताऱ्या पाटकऱ्याकडे आहे काय, की त्यासाठी कुणी महिना महिना बसून बोलेल? यातलं पहिलं वाक्य तिला पटत होतं आणि दुसऱ्यापाशी तिची बुद्धी थांबत होती. इंद्रजित सरांना सांगावं तर आधी दुसऱ्या चौकोनाचं सांगावं लागणार. तिनं ते उद्यावर ढकललं. तिची चूक म्हणाल तर खूण करण्यापेक्षाही ही मोठी होती.

शुक्रवारी साडेबाराला तिनं हेडफोन लावला तेव्हा तात्या जेवत नव्हते. आवाज थकलेला होता.

"तीन दिस झाले की, एकबी घेतली न्हाय. तूच म्हनलीस बंद करा." थांबले. "व्हय, छातीत भरल्यावानी हुतंय. तू म्हनतीस तर हुईल कमी." पुन्हा थांबले, या वेळी जास्त. "आज? ती हितं येनार? तुज्यासारखीच दिसती?" आणि मग, ज्योत्स्नाला कधीच विसरता येणार नाही अशा भाबड्या आवाजात, "न्हाय उघडत. बाहेरनं कुनीबी येऊंद्या."

ज्योत्स्ना उठली तेव्हा खुर्ची मागे पडली. तिनं रंगुबाईंना फोन लावला. "मावशी, पळत तात्यांकडं जा. त्यांना गोळ्या द्या."

"आगं बया," रंगुबाई म्हणाल्या, "आत्ताच दारावरनं आले की मी. तू हायेस न्हवं आत? तुजं बोलनं ऐकलं आन म्हनलं, बाप-लेकीचं चाललंय, कशाला मधी जा. आन कडीबी आतनंच हाय."

५

स्कूटी घेऊन ती निघाली. लाइन बंद करून, दुसऱ्या चौकोनाची परवानगी यंत्रातून काढून निघाली. शिवमला एवढंच म्हणाली, पळसदेवला ॲम्ब्युलन्स पाठव. हायवेवर मोकळ्या ट्रॉल्या चालल्या होत्या. लोणी देवकर मागे पडलं. डावीउजवीकडे काय होतं ते तिला दिसलं नाही. भर दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी ती तात्यांच्या दारात उभी राहिली. ऊन असं लख्ख, की दाराच्या रंगाचा पोपडा न् पोपडा दिसत होता.

दाराला आतून कडी होती.

"तात्या, दार उघडा. मी आलेय."

आत खाट करकरली. तात्या दाराजवळ आले. त्यांच्या श्वासाला घरघर लागलेली. "खूण सांग," ते म्हणाले.

"तात्या, आता खुणा कसल्या! तुमच्या छातीत दुखतंय. आधी दार उघडा."

"पयल्यांदा कालव्यावर नेलं तवा काय गेलं तुजं?"

"पैंजण," असं ज्योत्स्ना म्हणणार, तोच आतून आवाज आला, "पैंजण. डाव्या पायातलं." तिचा आवाज. रेकॉर्ड केल्यासारखा नाही, पेटीतून आल्यासारखाही नाही. शेजारी उभं राहून कुणी बोलावं तसा.

ज्योत्स्नानं दाराची चौकट धरली.

"आई दवाखान्यात शेवटचं काय बोलली?" तात्यांनी विचारलं.

"दिवा मालवू नका," ती म्हणाली. आणि आतलीही तेच म्हणाली, त्याच क्षणी, तोच शेवटचा शब्द तसाच खाली सोडून. तात्या ओरडले, "कोन हाय रं बाहेर!"

लहानपणी ठेवलेलं टोपणनाव, शाळेत कापलेलं बोट, लग्नात त्यांनी हातात गुपचूप दिलेलं रेशमी फडकं. तिनं एकेक सांगायला तोंड उघडावं आणि आतून ते आधीच यावं. तिला उमगलं. हे सगळं तात्यांनी या तीन महिन्यांत तसबिरीला सांगितलं होतं. तिनं जे जे ऐकलं होतं, ते ते आणखी कुणीतरी ऐकलं होतं. बाप-लेकीत झाकलेलं असं काही उरलंच नव्हतं. ज्याच्या जोरावर ती ज्योत्स्ना ठरली असती, ते सगळं तिनंच उघड्यावर मांडून ठेवलं होतं.

नाही, एक होतं. एकच गोष्ट अशी होती, की जी या घरात, त्या कक्षात, कुठेच कुणी मोठ्यानं बोललेलं नव्हतं.

"तात्या," ती दाराला कपाळ टेकून म्हणाली. तिला रडू आवरेना. "चुकलं माझं. तुमी नाही म्हणालात तरी दुसऱ्या चौकोनात खूण मीच केली. तुमच्या नावानं, निळ्या पेनानं. तीन महिने मी चोरून ऐकत होते. आईशी बोलायचा ते ऐकलं. तुमी रडलात तेही ऐकलं. हे तिला माहीत नाही तात्या, विचारा तिला. हे फक्त मला माहीत आहे."

आत एकदम शांत झालं. दुसरा आवाज गप्प झाला होता. तो गप्प झाल्यावर ज्योत्स्नाच्या जिवात जीव आला. खूण पटली होती. आता कडी निघेल, असं वाटून तिनं डोळे पुसले.

"माजी ज्योत्स्ना?" तात्या हळू म्हणाले. "माजी पोरगी आसं करनार न्हाय."

आणि त्यांनी वरचाही बोल्ट सरकवला.

६

तिच्या किंकाळीनं रंगुबाई आल्या, त्यांचा मुलगा गोकुळ मळ्यातून पहार घेऊन धावत आला. ज्योत्स्ना खिडकीशी गेली. खिडकीही लावलेली होती, पण एका फळीला बोटभर फट होती. फटीला डोळा लावला तर आधी अंधारच दिसला. मग भिंतीवरची पेटी, तिचा मिणमिणता दिवा. मग खाट. तात्या खाटेवर आडवे होत होते, म्हणजे कुणीतरी त्यांना सावकाश आडवं करत होतं. त्यांच्या पाठीमागे एक हात होता. मनगटाला काळ्या पट्ट्याचं घड्याळ होतं. ज्योत्स्नानं आपल्या मनगटावरच्या तशाच घड्याळाकडे पाहिलं आणि पुन्हा फटीला डोळा लावला, तेव्हा खाटेपाशी कुणी नव्हतं. तांब्या गडगडत जमिनीवर गेला. तात्यांचा हात खाटेवरून खाली लोंबला आणि तसाच राहिला.

"तोड गोकुळ! तोड लवकर!"

गोकुळनं पहार दाराच्या फटीत घातली आणि जोर लावला. लाकूड कडकडलं. तेवढ्यात आतून ज्योत्स्नाचा आवाज आला.

"तात्या, चुकलं माझं. तुमी नाही म्हणालात तरी दुसऱ्या चौकोनात खूण मीच केली. तुमच्या नावानं, निळ्या पेनानं."

शब्दाला शब्द. जिथे तिला हुंदका आला होता, तिथेच हुंदका. गोकुळचे हात थांबले. त्यानं मान वळवून ज्योत्स्नाच्या मिटलेल्या ओठांकडे पाहिलं. रंगुबाईंनी पदर तोंडाशी नेला आणि त्या दोन पावलं मागे सरकल्या. आतल्या आवाजापासून नाही, ज्योत्स्नापासून.

"मावशी, मी आहे. मावशी!"

लांब हायवेवर ॲम्ब्युलन्सचा भोंगा ऐकू येत होता. तिच्या हातातला मोबाइल थरथरला. कक्षाचा पडदा तिला मोबाइलवरही दिसायचा. दुपारचे एक वाजून चोवीस मिनिटं झाली होती. खाटेपासून पेटी सहा पावलं लांब, आणि फटीतून दिसणारा तो हात अजून तसाच लोंबत होता.

ॲम्ब्युलन्स निघाली तसा लाल झालेला पळसदेवचा ठिपका पुन्हा हिरवा झाला होता. खाली लिहिलं होतं: ज्ञानू लोंढे. सुखरूप.